खेळाचा संगणक आणि घरचा हिशेब

(बी. कॉम. अंतिम वर्ष)

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य शाळेतल्या निबंधांत मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. गुरुजी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण करीत आणि मी पुढच्या वाक्याकडे वळे. परंतु दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मला हा संगणक आतून कसा असतो, त्याचे भाग कोणते आणि तो घ्यायचा झाला तर कशावर किती पैसे घालावेत, हे कोणत्याही निबंधात लिहावे लागले नाही. ते शिकावे लागले ते आमच्याच घरातल्या एका फसगतीमुळे. त्या फसगतीविषयी आणि त्यातून बनलेल्या माझ्या मताविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी जो संगणक जोडला तो खेळण्यासाठी जोडला. घरी सांगताना ‘अभ्यासासाठी पाहिजे’ असे सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. माझ्या संगणकावर टॅली चालते, नोट्स निघतात, हे खरे. पण टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने निदान खर्चाचे खाते तरी खरे लिहावे, असे मला वाटते.

आता फसगतीची हकिकत. माझ्या एका चुलतभावाने २०२३ च्या दिवाळीत एका शहरातल्या दुकानातून तयार ‘गेमिंग संगणक’ आणला. दुकानाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. असली दुकाने सगळीकडे आहेत. किंमत ३८,००० रुपये. हे पैसे काकूंनी त्यांच्या महिला संघातून कर्ज काढून दिले होते. पेटीवर चिठ्ठी होती : आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स. काचेतून लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते. आम्ही सारी भावंडे भोवती जमलो आणि आत काय आहे हे न विचारता दिव्यांकडेच पाहत बसलो. दुकानदार म्हणाला होता, “बिल घेतले तर वर १८ टक्के पडतील.” भावाने बिल घेतले नाही. ६,८४० रुपये वाचविले म्हणून त्याचे कौतुकही झाले.

पुढल्या जून महिन्यात पहिल्या पावसाच्या संध्याकाळी विजेचा दाब वरखाली झाला. घरातला बल्ब दोनदा लख्ख झाला आणि संगणकातून फट् असा आवाज येऊन जळका वास सुटला. वीज पुरविणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, जळली होती आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेली होती. भाऊ दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, “बिल दाखवा.”

माझा एक कन्नड माध्यमातला मित्र आहे. त्याने ती पेटी आमच्या ओसरीवर उघडली. आतला प्रोसेसर ‘आय-सेव्हन २६००’ निघाला. तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. ग्राफिक्स कार्ड ‘जीटी ७३०’, ते २०१४ चे. म्हणजे चिठ्ठीवरचा एकही शब्द खोटा नव्हता! आय-सेव्हन होते, १६ जीबी होती, ४ जीबीचे कार्डही होते. फक्त पिढी सांगितलेली नव्हती. वास्तविक इंटेलच्या ह्या मालिकेत पिढी आकड्यातच लिहिलेली असते. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. १२४०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी पिढी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे तो संगणक जळला नसता तरी दोन वर्षांत मागेच पडणार होता. हा एक आकडा वाचता आला असता तर काकूंचे कर्ज वाचले असते.

त्याच वर्षी आम्हांला व्यापारी कायद्यात १९३० चा माल विक्री अधिनियम शिकवीत होते. त्यातील १६ वे कलम ‘ग्राहका, सावध राहा’ या तत्त्वाचे. सर्वसाधारणपणे माल पारखून घेणे ही ग्राहकाची जबाबदारी. पण त्याला अपवाद आहेत. ग्राहकाने आपला हेतू विक्रेत्याला सांगितला असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या कामाला वाजवी प्रमाणात योग्य असला पाहिजे. माझ्या भावाने तर ‘गेम खेळायला पाहिजे’ असे स्पष्ट सांगितले होते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला शुल्कसुद्धा नाही. पण व्यवहार झाला हेच दाखवायचे कशावरून? कायदा होता, कागद नव्हता. जे ६,८४० रुपये वाचले असे आम्ही समजत होतो, त्यांनीच ३८,००० बुडविले.

अशा घरात मी २०२५ च्या उन्हाळ्यात ‘मला खेळाचा संगणक जोडायचा आहे’ असा विषय काढला. बाबांनी भाकरी खाता खाता मान वर करून एवढेच विचारले, “एकदा बुडालं ते पुरलं नाही का? इतले पैसे खेळायला घालायलास?” त्यांची दुसरी भीतीही मला ठाऊक होती. ‘गेम’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाईलवर पैसे लावून खेळायची रमी येते. पोरांनी असे पैसे घालविल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू येत. त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मात्र वेगळे मानले. मी बाबांना समजावले की माझा खेळ गोष्टीच्या पुस्तकासारखा आहे, एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा. पुण्याच्या एका कंपनीने २०२० साली ‘राजी’ नावाचा असाच एक खेळ काढला आहे, हेही सांगितले. बाबा म्हणाले, “असंल. पण आधी लिहून दाखव. कशाला किती आन् का.”

मित्रहो, माझ्या मते ह्या एका वाक्यात संगणक घेण्याचे सारे शास्त्र आले. कशाला, किती आणि का.

माझ्याजवळ दोन उन्हाळे एका आडत दुकानात नोंदी लिहून साठविलेले ४१,००० रुपये होते. तुरीच्या पट्टीतून २४,००० देण्याचे बाबांनी कबूल केले. म्हणजे अंथरूण ६५,००० चे. माझा मित्र म्हणाला, “हासिगे इद्दष्टु कालु चाचु.” आपणही तेच म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. पण अंथरूण किती हे कळल्यावर पाय कोणत्या बाजूला पसरायचे हा प्रश्न उरतोच.

पुष्कळ जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात, कारण जाहिरातीत तेच नाव मोठे असते. मी पडद्यापासून सुरुवात केली. खेळाचे चित्र शेवटी पडद्यावरच दिसायचे. साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. ग्राफिक्स कार्डाला हे सारे ठिपके सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा रंगवावे लागतात. पडदा चौपट घेतला तर कार्डही त्याच मानाने लागणार. तेव्हा २४ इंची फुल एचडी पडदा ठरविला आणि त्याबरोबर कार्डाचा वर्गही ठरला.

नंतर कार्ड. खेळाच्या संगणकात सर्वांत मोठा वाटा याचाच असावा. मी एएमडीचे ‘आरएक्स ६६००’, ८ जीबीचे, निवडले. ते २०२१ चे, म्हणजे नवे कोरे मॉडेल नव्हे. पण फुल एचडीला पुरेसे आणि वीज कमी खाणारे, सुमारे १३२ वॅट. बाबांनी विचारले, “जुनं स्वस्तात भेटत नाही का?” मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन ‘खणण्यासाठी’ रात्रंदिवस राबविलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली काही चांगलीही असतील. पण राबवून घेतलेला बैल बाजारात शिंगे रंगवूनच उभा करतात, हे बाबांना मी सांगायची गरज पडली नाही. बिल व उरलेली वॉरंटी हातात आल्याखेरीज जुने कार्ड घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रोसेसर ‘रायझेन ५ ५६००’. सहा गाभे, बारा धागे. इंटेलचा ‘आय-फाइव्ह १२४००एफ’ त्याच तोडीचा होता. ज्या दिवशी जो स्वस्त, तो घ्यायचा असे ठरविले होते. येथे एक खाचखळगा आहे. ह्या दोहोंतही स्वतःची चित्रशक्ती नाही. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. ज्याचे अंथरूण ३०,००० चेच आहे, त्याने ‘५६००जी’सारखा चित्रशक्ती असलेला प्रोसेसर घेऊन आज हलके खेळ खेळावेत आणि पुढे कार्ड घालावे. कर्ज काढून मोठे घेण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

मदरबोर्डाविषयी एवढेच की, त्याची खोबण आणि प्रोसेसर यांची जात एक असावी लागते. ‘एएम-४’ चा प्रोसेसर ‘एएम-५’ वर बसत नाही, आणि एएम-५ वर डीडीआर-४ ची रॅम चालत नाही. रॅम १६ जीबीची एकच कांडी न घेता ८ च्या दोन घेतल्या. दोन वाटांनी माल अधिक वेगाने येतो. रॅमच्या बाबतीत मला दैवाचीही साथ मिळाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. मागणी आणि पुरवठ्याचा नियम अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचला होता, तो येथे खिशाला समजला.

आणि आता एसएमपीएस. ज्याला दिवे नाहीत, ज्याने खेळाचा वेग वाढत नाही आणि म्हणून ज्यावर सारे काटकसर करतात, असा हा भाग. बाजारात ‘४५० वॅट’ लिहिलेला डबा सातआठशे रुपयांतही मिळतो. पण डब्यावर लिहायला पैसे पडत नाहीत. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ प्रमाणपत्राचा डबा अर्ध्या भारावर सुमारे ८५ टक्के वीज कामी लावतो. प्रमाणपत्र काटकसरीचे आहे, संरक्षणाचे नव्हे. म्हणून दाब वाढला किंवा शॉर्ट झाले तर तो स्वतः बंद पडून इतरांना वाचवितो की नाही, हे वेगळे विचारून घ्यावे. मी ५५० वॅटचा असा डबा ३,८०० ला घेतला आणि ६०० व्हीएचा यूपीएस ३,००० ला. दोन्ही मिळून ६,८००. वाचकांच्या लक्षात आले असेल. चुलतभावाने बिल न घेऊन जेवढे ‘वाचविले’, जवळजवळ तेवढ्याच पैशांत माझ्या संगणकाचे विजेपासून रक्षण झाले.

वहीतला हिशेब असा उतरला : प्रोसेसर १०,०००, मदरबोर्ड ८,०००, रॅम ३,४००, १ टीबी एसएसडी ५,०००, ग्राफिक्स कार्ड १९,५००, एसएमपीएस ३,८००, कॅबिनेट २,८००, पडदा ७,५००, कीबोर्ड-माउस ९००, यूपीएस ३,०००. एकूण ६३,९००. हे त्या वेळचे, बिलासहित भाव होत. आज ते जसेच्या तसे मिळणार नाहीत. आकडे लक्षात ठेवू नका, वाटणी लक्षात ठेवा.

खरेदीसाठी आम्ही दोघे पहाटेच्या गाडीने बीदरमार्गे हैद्राबादला गेलो. १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हा हैद्राबाद राज्यातच होता. आजोबांच्या पिढीचा कोर्टकचेरीचा आणि मोठ्या खरेदीचा रस्ता तोच. सिकंदराबादेत पार्कलेनवर चिनॉय ट्रेड सेंटर आहे, त्याला सगळे सी. टी. सी. म्हणतात. तेथे संगणकाच्या भागांची दुकाने एकमेकांना लागून आहेत. चार दुकानांत तीच यादी दाखविली. एका ठिकाणी सारे भाव कमी निघाले, म्हणून पुन्हा वाचले. एसएमपीएसच्या जागी दुसरेच नाव होते. “सेम क्वालिटी है,” असे उत्तर मिळाले. आम्ही नमस्कार करून पुढे गेलो. यादी लिहून नेण्याचा फायदा हा असा.

जोडणी आमच्या ओसरीवरच झाली. मित्र इंग्रजी पुस्तिका वाचून कन्नडमध्ये सांगे, मी मराठीत वहीत लिहून घेई. आपल्या ह्या अंकात दोन भाषांचे दोन विभाग आहेत; त्या दिवशी दोन्ही एकाच पानावर होते. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खोबणीच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि जोर मुळीच लावायचा नाही. रॅमला मात्र कट् आवाज होईपर्यंत दाबायचे. आम्ही नेमके तेथेच घाबरलो, आणि पहिल्या वेळी पडदा काळाच राहिला. बाबा दारात उभे होते, काही बोलले नाहीत. माझ्या हातापायांतले बळच गेले. मित्राने रॅम काढून पुन्हा दाबून बसविली आणि पडदा उजळला. आई म्हणाली, “आता जेवा.”

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी सांगतो, ज्या मोठ्या शहरातले लोक सांगत नाहीत. एक, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजावे की घरात अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. जाणत्या वायरमनकडून खड्डा घेऊन ते करून घ्यावे. त्याविना महागडा एसएमपीएसही पुरते संरक्षण देऊ शकत नाही. दुसरी, उन्हाळा आणि धूळ. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पुढून काचेने बंद केलेले कॅबिनेट म्हणजे भट्टी. पुढे जाळी असलेले घ्यावे, आणि महिन्यातून एकदा आतली काळ्या मातीची धूळ ब्रशने झाडावी.

काही वाचक म्हणतील, आणि सरांपैकीही कोणी म्हणतील, की ६४,००० रुपयांत किती पुस्तके आली असती, एखाद्या परीक्षेची शिकवणी झाली असती. आक्षेप योग्य आहे. आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर घटत्या शिलकीच्या पद्धतीने ४० टक्के घसारा धरतात, असे आम्ही शिकलो. त्या हिशेबाने ६३,९०० चे तीन वर्षांनी १३,८०० च्या आसपास उरतात. म्हणून ‘संगणक ही गुंतवणूक आहे’ असे सांगून कोणी आईवडिलांकडून पैसे घेत असेल तर ते खोटे आहे. हा खर्च आहे, आनंदासाठी केलेला खर्च. पण आनंदासाठी खर्च करण्याचा अधिकार केवळ शहरातल्या मुलांना आहे काय? आपल्याकडे जत्रेत, लग्नात, मोटारसायकलीवर याहून अधिक जातो, तेव्हा कोणी पुस्तकांचा हिशेब मांडत नाही. माझे म्हणणे एवढेच : खर्च करावा, पण डोळे उघडे ठेवून, आणि आपल्या आनंदासाठी दुसऱ्याला हप्ते भरायला लावू नयेत.

आणखी एक लाभ झाला, तो वहीत मांडता आला नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून. कोठे ते आणि कोठे आमची ओसरी! तुलना करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. पण पेटी ही बंद वस्तू नसून जोडलेली वस्तू आहे, आणि जोडलेली वस्तू आपल्याला उघडता येते, हे एकदा कळले की दुकानदाराच्या चिठ्ठीचा धाक उरत नाही. मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना हा धाक अधिक असतो. इंग्रजी नाव ऐकले की आपण प्रश्न विचारायचे सोडून देतो, आणि फसविणाऱ्याला तेवढेच पुरते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद कायम लावावा. त्यावर पाचच प्रश्न असावेत : प्रोसेसरचा पूर्ण आकडा काय? कार्डाचे मॉडेल कोणत्या सालचे? एसएमपीएस कोणत्या कंपनीचा, आणि त्यावर वॉरंटी किती? मदरबोर्डाची जात कोणती? पक्के बिल मिळेल का? आणि खाली राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक, १९१५. मराठीतला कागद मी लिहून देतो. कन्नडमधला माझा मित्र लिहील.

काकूंचा संघाचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. जळलेल्या संगणकाची पेटी अजून त्यांच्या घरी आहे. तिच्यात त्या सुतळी आणि जुन्या वायरी ठेवतात. चुलतभाऊ आता स्वतःच्या कमाईतून पैसे साठवितो आहे. परवा तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “तुझी ती वही दे.” मी दिली. तुम्हांलाही पाहिजे असेल तर मागा.